आत्याबाईंचं देणं

आत्याबाई नव्वदी ओलांडून गेल्या तरी स्वतःची भाकरी स्वतः थापत होत्या. घरात मी होते, माझी सून होती, गॅस होता. तरी सकाळी आठच्या सुमाराला काठवटीवर हाताचा आवाज यायचा आणि शेजारची पोरंसुद्धा ओळखायची की आत्याबाईंची भाकरी पडली तव्यावर. आल्यागेल्या पाहुण्यांना ते खटकायचं. "या वयात म्हातारीला चुलीपुढं बसवता होय?" असं मला तोंडावर विचारणारेही होते. आत्याबाईंच्या कानावर गेलं की त्या आतूनच म्हणायच्या, "मला कोण बसवतंय? माझी मी बसलीया."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत कुंकू पुसलं गेलं आणि त्या माहेरी, कुरकुंभला, परत आल्या त्या कायमच्या. मूलबाळ नव्हतं. माझ्या सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा घराचा सगळा भार यांनी उचलला. मी १९८१ साली या घरात आले ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली मुलगी. सुनेनं नोकरी करावी की नाही यावर घरात दोन मतं होती. आत्याबाईंनी तिसरंच काढलं. "पोरं मी बघते. तिनं शाळंत जावं," एवढं बोलून त्या शेळ्या सोडायला गेल्या. पुढे तो विषय कुणी काढला नाही.

माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यावर झाली. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली, त्यांचा ताप त्यांनी रात्र-रात्र जागून काढला, आणि बदलीच्या गावाहून शेवटच्या एसटीनं मी परत यायची तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. हे ऋण मोठंच आहे. पण त्याहून मोठं एक आहे, आणि ते मला फार उशिरा, माझं स्वतःचं वय दिसायला लागल्यावर उमगलं. म्हातारं कसं व्हावं हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. आज मी सत्तरीच्या जवळ आहे आणि रोज सकाळी त्या शिकवणीचा उपयोग करते.

कुरकुंभ कुठे आहे हे बाहेरच्यांना औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असतं. पुणे-सोलापूर महामार्गाला दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो तिथलं हे गाव. फिरंगाईचं देऊळ आमचं, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. दौंड तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भीमाकाठचा ऊस येतो, पण आमचा भाग जिरायत. सह्याद्रीच्या पावसाचं आमच्या वाट्याला उरतं ते थोडं. बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीला ज्वारी आणि तिच्यात करडईचे पाटे, हीच इथली जुनी पिकं. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाईंनी याच भागात दुष्काळी कामावर खडी फोडली होती. परदेशातून आलेला लाल मिलो आणि सरकारची सुकडी खाऊन ते वर्ष काढलं, हे त्या सांगायच्या तेव्हा त्यात कुरकुर नसायची. फक्त मिलोच्या भाकरीची आठवण निघाली की तोंड वेडंवाकडं करायच्या.

त्यांच्या आयुष्यातलं बरंच काही त्या एका वर्षानं ठरवून टाकलं असं मला वाटतं. पाणी सांडलेलं त्यांना बघवायचं नाही. न्हाणीचं पाणी परसात जायचं, तिथे अळू, केळीचे दोन बुंधे, शेवग्याचं झाड, कढीपत्ता. भांडी धुतल्याचं पाणी दोडक्याच्या वेलाला. जुनी लुगडी जमली की पावसाळ्यात वाकळ शिवायला घ्यायच्या. शेण, राख, भाजीची देठं, शेंगांची टरफलं, प्रत्येकाची जागा ठरलेली. पर्यावरण हा शब्द मी शाळेत शिकवत होते आणि घरी आल्यावर तो धडा परसात घडत असलेला बघत होते. आमच्या घरातून घंटागाडीत टाकायला फारसं काही निघायचं नाही, आणि निघायचं ते बहुतेक माझ्या खरेदीचं असायचं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे रसायनांचे कारखाने उभे राहिले. जमिनी गेल्या, पैसा आला, पोरांना नोकऱ्या लागल्या. माझ्या स्वतःच्या घरात त्या नोकरीचा पगार आलेला आहे, तेव्हा त्याचं महत्त्व मी जाणते. पण वसाहतीच्या आसपासच्या गावांतून विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आणि रात्री वास सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हेही तितकंच खरं. आम्ही पिण्याचं पाणी विकत आणायला लागलो तो दिवस आत्याबाईंना फार लागला. पाण्याचे पैसे द्यायचे ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यांनी पन्हाळ लावून पत्र्यावरचं पावसाचं पाणी मोठ्या टाकीत धरायला लावलं. ते पाणी शेळ्यांना आणि परसाला. "प्यायचं इकत घ्या, पण झाडाला इकतचं घालू नगा," हा त्यांचा हुकूम आजही चालू आहे. म्हातारपणी माणसाला काय काय लागतं याचा विचार करताना औषधं आणि डॉक्टर आपल्याला आधी सुचतात. चांगलं पाणी आणि चांगली हवा मला त्याच्याही आधी मोजावीशी वाटते, कारण ती बिघडली की सगळ्यात आधी धाप लागते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला.

माझ्या पंचेचाळिशीनंतर मला मधुमेह निघाला. मी अंगानं बारीक. "तुम्हाला कसा होईल?" म्हणून सगळ्यांना आश्चर्य. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक नेमकं हेच सांगत आले आहेत. त्यांचं आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका चित्रानं जगाला दाखवलं. डॉ. याज्ञिक यांच्या गटाचा गर्भवती बायका आणि त्यांच्या बाळांचा मोठा अभ्यास १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चालू झाला. जन्मतः वजनानं कमी असलेल्या बाळातही चरबी मात्र त्या मानानं जास्त असते, असं त्यात दिसलं. आईच्या पोटात उपास घडलेल्या पिढीला पुढे ताटात साखर आणि बुडाखाली खुर्ची मिळाली की काय होतं, ते आम्ही बघतोच आहोत.

आत्याबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "काय खायचं न्हाई म्हणं?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून घरातला भात निम्मा झाला. बाजरीची भाकरी आली, पण तीही दीडच, कारण भाकरीनंही साखर वाढते हे मी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते नीट ऐकलं होतं. उरलेलं ताट हुलग्याच्या पिठल्यानं, मोड आलेल्या मटकीनं आणि पालेभाजीनं भरायचं. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ, हिवाळ्यात चाकवत आणि हरभऱ्याचा कोवळा पाला. जेवणात कारळाची नाही तर जवसाची चटणी. त्यांच्या गावरान कोंबड्यांची अंडी आठवड्यातून तीन-चारदा. हुलग्यात शेकडा वीसेक भाग प्रथिनं असतात आणि उतारवयात स्नायू टिकवायला ती लागतात, हे मी नंतर वाचलं. माझी गोळी मी सोडली नाही, सोडणारही नाही. कुठलं धान्य औषध म्हणून खपवणाऱ्यांच्या मी वाटेला जात नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं म्हणून साजरं केलं तेव्हा बाजरीची बिस्किटंसुद्धा दुकानात आली होती. आत्याबाईंनी एक चाखून शेळीला दिलं.

त्यांचं सगळंच अनुकरणीय होतं असं मी म्हणणार नाही. त्या मिश्री लावायच्या. सांगून, भांडून, नातवंडांकरवी डबी लपवूनही सुटली नाही, आणि दात साठीतच गेले. चुलीच्या धुरानं डोळे लाल व्हायचे. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांना आला तेव्हा शस्त्रक्रियेला मात्र स्वतःहून तयार झाल्या, कारण शेळीच्या कानातला गोचीड दिसेना. त्या देवभोळ्याही होत्या आणि हट्टी तर फारच. एक वेळ डॉक्टरचं ऐकतील, पुतण्याचं नाही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हे लिहायला घेतलं. पंच्याऐंशीच्या आसपास असताना त्या परसात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात रडारड झाली. आमच्याकडे खुबा मोडलेला म्हातारा माणूस म्हणजे अंथरूण, पाठीला जखमा आणि मग शेवट, हे सगळ्यांनी पाहिलेलं. भावकीतल्या दोन माणसांनी तर सांगितलं की या वयात कापाकापी कशाला, राहतील तितके दिवस राहतील. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या डाक्टरला इचारा, म्या उभी ऱ्हाईन का. ऱ्हाणार आसंल तर काप म्हणावं."

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली आणि तिनं वॉकर धरून त्यांना उभं केलं. आम्ही घाबरलो होतो. पण जगभर आता हीच रीत आहे: खुब्याची शस्त्रक्रिया लवकरात लवकर आणि उभं करणंही लगेच. पडून राहण्यानं काय होतं याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला होता, २००७ साली प्रसिद्ध झालेला. चांगल्या धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ किलोभर स्नायू गेला. दहा दिवसांत! आणि आपण प्रेमापोटी माणसाला महिनोन् महिने झोपवून ठेवतो, पाणीसुद्धा हातात देतो.

घरी आणल्यावर खरा प्रश्न आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. आणि आत्याबाईंचं सगळं जग जमिनीवर. चूल जमिनीवर, काठवट जमिनीवर, शेळीचं दूध काढायचं ते उकिडवं बसून, संडास भारतीय पद्धतीचा. शहाण्यासुरत्या माणसांनी सल्ला दिला की आता त्यांचं सगळं बंद करा. माझे यजमान रेल्वेत होते, हातानं काम करणारा माणूस. ते दोन दिवस काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी गवंडी बोलावून परसात कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधला. चूल ओट्यावर गेली. काठवटीला उंच पाट केला. ओट्यापुढे ठेवायला टेकण असलेला उंच स्टूल. संडासात कमोड आणि भिंतीला लोखंडी दांडा. न्हाणीची फरशी गुळगुळीत होती ती काढून खरखरीत शहाबादी टाकली. उंबरठा तासला. शेळीसाठी विटांचा चौथरा रचला, म्हणजे शेळी वर आणि आत्याबाई खुर्चीवर. त्या चौथऱ्याला गाव बघायला आलं होतं.

महिना-दोन महिन्यांत भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वार्धक्यावर एक मोठा अहवाल काढला. त्यात निरोगी म्हातारपण म्हणजे रोग नसणं असं म्हटलेलं नाही. माणसाला जे मोलाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकणं म्हणजे निरोगी म्हातारपण, आणि ही क्षमता शरीरात जितकी असते तितकीच भोवतालच्या घरात, रस्त्यात, माणसांतही असते, असं तो सांगतो. २०२१ ते २०३० हे दशकच संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी दिलं आहे. मी तो विचार वाचला तेव्हा मला आमचा ओटा आठवला. यजमानांनी अहवाल वाचला नव्हता. त्यांना इतकंच ठाऊक होतं की आत्याला भाकरी थापायची आहे.

म्हातारपणाचा एक अभ्यास माझ्या माहेराजवळही झाला. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, वढू बुद्रुकच्या पंचक्रोशीतलं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढूचं नाव महाराष्ट्रभर आहे. आमच्या लहान गावांना त्या गावाचं आणखी एक देणं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९४४ पासून काम करणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायका-पुरुषांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि त्या कामावर होत्या. माझ्या माहेरच्या बायकांची बाळंतपणं, लेकरांची लसीकरणं यांची चिंता वाहणारं ते ठिकाण.

त्याच वढूच्या परिसरात २००७ च्या सुमाराला पन्नाशीपुढच्या हजारो माणसांना काही प्रश्न विचारले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यावरच्या अभ्यासाचा तो भाग, आशिया-आफ्रिकेतल्या आठ ठिकाणी चाललेला, आणि त्यातलं भारतातलं ठिकाण वढू. पहिल्या प्रश्नांपैकी एक अगदी साधा होता: एकंदरीत आज तुमची तब्येत तुम्हाला कशी वाटते? खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट की खूप वाईट? डॉ. सिद्धिविनायक हिर्वे, डॉ. संजय जुवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची काही वर्षं त्या माणसांची नोंद ठेवली. २०१२ साली त्यांनी लिहिलं की आपली तब्येत वाईट आहे असं सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण चांगली म्हणणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त निघालं. ना रक्त काढलं, ना यंत्र लावलं. खेड्यातल्या माणसाला नीट विचारलं आणि त्यानं मनापासून सांगितलं, तर तो आपल्याविषयी खरं सांगतो.

मला हे कळलं तेव्हा मी दोन बायकांचा विचार केला. एक माझी आई. माझे भाऊ चांगले. ऊस झाला, बंगला झाला, आणि त्यांनी आईच्या हातातून एकेक काम प्रेमानं काढून घेतलं. "आई, तू आता बस," म्हणाले. आई बसली. दूरदर्शनपुढे खुर्ची, हातात चहा, वर पंखा. मी माहेरी गेले की विचारायची, "कशी आहेस गं?" ती म्हणायची, "आता काय राहिलंय माझं." तिला रक्तदाबाचाही त्रास होता, हृदयही कमजोर होतं, तेव्हा ती लवकर गेली याचा ठपका मी खुर्चीवर ठेवत नाही. दोन बायकांच्या आयुष्यावरून शास्त्र होत नाही हे मला कळतं. पण तिचं ते उत्तर माझ्या मनातून जात नाही.

आत्याबाईंना तोच प्रश्न कुणीही विचारला की उत्तर यायचं, "बरंय की. शेळी व्यायची हाय." कधी शेळी व्यायची असायची, कधी वाकळीचा शेवटचा पदर राहिलेला असायचा, कधी शेवग्याला शेंगा धरलेल्या असायच्या. तब्येतीचं उत्तर त्या कामानंच द्यायच्या. दुखत नव्हतं असं नाही. पाऊस पडायच्या आधी खुबा ठणकायचा, रात्री कण्हलेलं मी ऐकलं आहे.

त्यांच्या ताठ मानेमागे आणखी एक गोष्ट होती आणि ती मी लपवणार नाही. त्यांच्या वडिलांनी दोन एकर रान मुलीच्या नावे करून ठेवलं होतं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव शेवटपर्यंत राहिलं. जमिनींना भाव आला तेव्हा नावावर करून द्या म्हणून किती जणांनी गोड बोलून पाहिलं. त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं, "तुझंच हाय, पण म्या मेल्यावर." शेळीच्या दुधाचे, अंड्यांचे पैसे त्यांच्या पिशवीत असायचे आणि नातवंडांना यात्रेला त्या स्वतःच्या पैशांनी बत्तासे घेऊन द्यायच्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते, अशी तरतूद त्यात आहे, आणि त्यासाठी प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो. माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना मी हे आवर्जून सांगते. पण त्याहून आधी मी आत्याबाईंचं वाक्य सांगते, कारण प्रेमाच्या घरातही आपली पिशवी आपल्याकडे असावी हे त्यांनी आम्हाला न दुखावता शिकवलं.

आषाढी जवळ आली की त्यांना घरात करमायचं नाही. तुकोबारायांची पालखी यवत, वरवंडचा मुक्काम करून पाटसला येते आणि मग रोटीचा घाट चढून उंडवडी गवळ्याचीकडे जाते. पडण्याआधी कितीतरी वर्षं त्या पाटसला जाऊन पालखीत मिसळायच्या, घाट चढायच्या, पुढे जमेल तिथपर्यंत जायच्या. शस्त्रक्रियेनंतर घाट सुटला, पण पाटसचं दर्शन सुटलं नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. मग तर त्या आधार कार्ड कनवटीला लावूनच बसायच्या. दौंडच्या बाजाराला, बहिणीच्या नातीला बघायला, कधी नुसत्याच. गाडीत भेटलेल्या माणसांच्या कथा त्या आठवडाभर सांगायच्या. रोज अर्धा तास चाला, असं पुस्तकं सांगतात आणि खरंच सांगतात. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा असंही आता सांगितलं जातं. पण आत्याबाई कुणाला तरी भेटायला म्हणून चालल्या. वारीत ऐंशीच्या बाया घाट चढतात त्या पुढची टाळकरीण मागे वळून हाक मारते म्हणून.

निवृत्त झाल्यावर मी काय करावं हा प्रश्न मला पडला होता तेव्हाची एक गोष्ट. मी त्यांना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी सांगत होते. १८५८ चा जन्म, १९६२ साली गेले, एकशेचार वर्षांचे होऊन. आत्याबाईंनी विचारलं, "येवढी वरसं काय करायचं गं ते?" मी सांगितलं की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापलं आणि त्यासाठी पैसा-पैसा वर्गणी मागत हिंडले. आणि शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. आत्याबाई शेंगा सोलत होत्या. "मग जगंलच की," म्हणाल्या, आणि टोपलं माझ्यापुढे सरकवलं.

त्याच सुमाराला ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवताना मी वर्तमानपत्रात पाहिल्या. तो फोटो मी आत्याबाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीशी आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव काढून दाखवा." त्या दुपारी आमची शाळा भरली. आधी त्या एकट्या. मग शेजारच्या दोघी, मग गल्लीतल्या आणखी. सातबाऱ्यावर आयुष्यभर अंगठा दिलेल्या बाईनं बँकेत स्वतःची सही केली, तेव्हा कारकुनानं उठून हात जोडले. मी जन्मभर मुलांना शिकवलं, पण त्या सहीइतका आनंद मला कशाचाच झाला नाही.

आत्याबाई २०२३ च्या थंडीत गेल्या. तीन दिवस ताप आला, तेवढंच अंथरूण. शेवटच्या रात्री त्यांनी मला शेळीचा खुराक सांगितला आणि परसातल्या टाकीचं झाकण बघायला सांगितलं.

त्यांची शेळी मी ठेवली आहे. दूध मीच काढते, त्याच चौथऱ्यावर. आणि दुपारची शाळा चालू आहे. अक्षरं आता अर्धा तास, मग खुर्चीला धरून टाचा वर करणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं. कुणाची सून कुरकुरते, कुणाचे गुडघे. पण बाया येतात. ज्यांचं येणं थांबतं त्यांच्या घरी आम्ही जातो, कारण चार दिवस न दिसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या घरी कुणीतरी गेलंच पाहिजे.

या वर्षी आम्ही ग्रामसभेसाठी एक अर्ज तयार केला आहे. शाळेपासून फिरंगाईच्या देवळापर्यंतच्या रस्त्यावर बसायला बाक, पायऱ्यांना धरायला दांडे, संध्याकाळी शाळेचं मैदान म्हाताऱ्या माणसांसाठी उघडं, महिन्यातून एकदा गल्लीत येऊन साखर आणि रक्तदाब बघणं, आणि ज्या घरात खुबा किंवा गुडघा मोडलेलं माणूस आहे तिथे न्हाणीत दांडा बसवायला मदत. विहिरींच्या पाण्याची तपासणी करून तिचा आकडा फलकावर लिहावा, हे कलम मी आग्रहानं घातलं. अर्ज मीच वाचावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. आमच्या वर्गातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई आहेत, आत्याबाईंच्या शेजारच्या. गेल्या वर्षापर्यंत त्या जोडाक्षराला अडखळायच्या. आता रोज दुपारी त्या अर्जाचा सराव करतात, आणि २ ऑक्टोबरला तो त्याच वाचणार आहेत.